पोटमाळ्यावरची पेटी : खानदेशातील लहान पेढ्यांचे राउटर, त्यांची रॅक आणि त्यांचे फर्मवेअर

१. प्रश्नाचे स्वरूप

जळगावच्या दाणाबाजारातील एखाद्या अडत पेढीत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील एखाद्या मालवाहतूक कचेरीत पाऊल टाकणाऱ्याच्या नजरेत गादी, तिजोरी, लक्ष्मीची तसबीर, संगणक आणि बिले छापणारे यंत्र या वस्तू सहज भरतात. परंतु ज्या एका पेटीवाचून मालाच्या गाडीचे ई-वे बिल निघत नाही की गिऱ्हाइकाचे पैसे खात्यावर पडत नाहीत, ती मात्र मुद्दाम शोधावी लागते. बहुधा ती पोटमाळ्यावर, मीटरच्या फळीशेजारी, नाहीतर दारावरच्या कोनाड्यात, तारांच्या गुंत्यात धुळीचा थर अंगावर घेऊन लुकलुकत असते. हाच तो राउटर. बाहेरच्या जाळ्यातून आलेली माहिती पेढीतल्या योग्य यंत्राकडे पोहोचविणे आणि नको ती माहिती उंबरठ्यावरच अडविणे, अशी टपालखात्याची व देवडीवरच्या पहारेकऱ्याची दोन्ही कामे त्याच्याकडे असतात.

या राउटरासंबंधी दोन प्रश्न व्यापाऱ्यांत, यंत्रे बसविणाऱ्या कारागिरांत आणि जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणच्या विक्रेत्यांत वारंवार चर्चिले जातात. पहिला, तो लोखंडी रॅकमध्ये शिस्तीने बसवावा की भिंतीवरच्या फळीवर मोकळा ठेवावा. दुसरा, त्याच्या अंतर्यामी असलेली मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, केव्हा, कोणी आणि कोणत्या खबरदारीने नवी करावी. पहिला प्रश्न सुताराचा व वायरमनचा, दुसरा इंजिनियरचा, अशी समजूत आहे. या दोन्हींबाबत आज कोणती मते प्रचलित आहेत, त्यांना आधार काय आणि कोणते मुद्दे अद्याप मोकळे आहेत, हे क्रमाने मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पाचपासून पंचवीस संगणकांपर्यंतच्या पेढ्या, गिरण्या, दवाखाने व सराफी दुकाने एवढेच त्याचे क्षेत्र धरले आहे; बँका, विद्यापीठ आणि मोठे कारखाने यांची व्यवस्था स्वतंत्र खात्यांकडे असल्याने ती येथे घेतलेली नाही.

२. पूर्वपीठिका

भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. आणि २००५ च्या सुमारास भारत संचार निगमाच्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरून ब्रॉडबँड तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले. त्या काळी कंपनी जो मोडेम देई तोच टेलिफोनशेजारी ठेवला जाई आणि तो कोठे बसवावा हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. नेट दिवसभर बंद राहिले तर पत्रव्यवहार खोळंबे. जमाखर्च खोळंबत नसे, कारण कीर्द व खतावणी अजून कागदावर किंवा पेढीतल्या एकाच संगणकाच्या पोटात होती.

ही स्थिती पालटली ती कायद्याने. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. ज्या शहराचा माल एका बाजूस सेंधव्याच्या घाटाने मध्य प्रदेशात आणि दुसऱ्या बाजूस सुरतेकडे गुजरातेत जातो, त्या धुळ्याला आंतरराज्य या शब्दाची व्याप्ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या उलाढालीपासून सुरू झालेली ई-इन्व्हॉइसची सक्ती पायरीपायरीने खाली उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींपर्यंत आली आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळमिल, चटई व पाइप यांचे मध्यम कारखाने तिच्या कक्षेत सापडले. सराफ बाजारात १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती झाली आणि त्यापाठोपाठ प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षरी क्रमांक ऑनलाइन नोंदला जाऊ लागला. यूपीआयने किरकोळ गल्लाही तारेला बांधला. दहा वर्षांपूर्वी जी पेटी सोयीची वस्तू होती, ती अशा रीतीने काट्याइतकी आणि तिजोरीइतकी अनिवार्य होऊन बसली. तिची जागा मात्र पोटमाळाच राहिली.

रॅकचा इतिहास याहून जुना असून तो या चर्चेस उपकारक आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांत ध्वनिवर्धक उपकरणे बसविली गेली तेव्हा ती फळ्यांवर, लाकडी पेट्यांत, जशी जागा मिळेल तशी ठेवलेली असत. उपकरणे वाढली, तारा गुंतल्या, दोष शोधणे अशक्य होऊ लागले, तेव्हा १९२२ च्या सुमारास एटी अँड टी कंपनीने रॅकचे माप ठरवून टाकले. उपकरणाच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, आणि उंचीचे एकेक घर पावणेदोन इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. या घराला आज सारा बाजार ‘यू’ म्हणतो, आणि ‘सहा यूची रॅक द्या’ असे म्हणणारा गिऱ्हाईक नकळत शंभर वर्षांपूर्वीच्या मापातच बोलत असतो. फळीवरून रॅककडे झालेले ते स्थित्यंतर आज खानदेशातल्या लहान पेढ्यांच्या वाट्यास आले आहे. फरक एवढाच की त्या दूरध्वनी केंद्रांवर वैशाखातले जळगाव तापत नव्हते.

३. मांडणीचा प्रश्न : रॅक की फळी

लहान पेढीस लागते ती भिंतीवर टांगायची चार, सहा किंवा नऊ यूची पेटी. तीत फायबरची तार ज्यात येते तो ओएनटी, राउटर, स्विच, पॅच पॅनेल, वीज वाटणारी पट्टी आणि बहुधा कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारा एनव्हीआर एवढा संसार मांडावा लागतो. अडचण अशी की लहान व्यवसायासाठी बनलेले पुष्कळसे राउटर एकोणीस इंच रुंदीचे नसतातच. काहींना दोन्ही बाजूंस लोखंडी कान जोडून ते रॅकच्या खांबांना केज नट व स्क्रूने कसता येतात. उरलेल्यांसाठी ट्रे घेऊन त्यावर नुसते ठेवावे लागते. ट्रेवर नुसता ठेवलेला राउटर, मग तो पेटीत का असेना, फळीवरच्या राउटरापेक्षा फारसा निराळा नाही, आणि दोन पक्षांचा मतभेद पुष्कळदा येथूनच सुरू होतो.

रॅकच्या बाजूने बोलणाऱ्यांचे पहिले म्हणणे सुरक्षिततेचे आहे. कुलूपबंद पेटीत राउटराचे रिसेटचे बटण कोणाच्या हाती लागत नाही, झाडलोट करणाऱ्याच्या हातून तार निघत नाही आणि दाणाबाजारात ज्यांचे राज्य निर्विवाद आहे त्या उंदरांना तारांपर्यंत पोहोचणे कठीण जाते. तारा आत घेण्याच्या छिद्रांना रबरी कडी बसविली असेल तर उष्णतेच्या ओढीने आत शिरणाऱ्या पालीचाही बंदोबस्त होतो. दुसरे म्हणणे दोषशोधनाचे. पॅच पॅनेलवर क्रमांक आणि तारेवर चिठ्ठी असली की कोणते यंत्र कोठे जोडले आहे हे फोनवरूनही सांगता येते; गुंत्यातून तार ओढून पाहावी लागत नाही. तिसरे म्हणणे अर्थिंगचे. रॅकचे लोखंड, स्विचचे अंग आणि वीजपट्टी एकाच अर्थिंगला बांधता येतात, आणि मृगापूर्वीच्या वळिवात वीज कडाडते तेव्हा या बांधणीचे मोल कळते. मात्र गोदामापासून कचेरीपर्यंत उघड्यावरून नेलेली तांब्याची लॅन तार ही विजेच्या धक्क्याला दिलेले आमंत्रणच असते आणि दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाकणे हाच तिच्यावरचा उपाय होय, एवढे या पक्षाचे लोकही मान्य करतात. रॅक हे तेथे पुरेसे उत्तर ठरत नाही.

फळीच्या पक्षाचा मुख्य आधार उष्णता हा आहे, आणि खानदेशात तो हलका मानता येत नाही. घरगुती व लहान कचेऱ्यांसाठी बनविलेल्या पुष्कळ राउटरांच्या माहितीपत्रकावर वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे छापलेले असते. भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला जाऊन पोहोचणे हे नवल नव्हे, आणि पत्र्याच्या छपराखालचा पोटमाळा त्याहून तापतो. तशा जागी काचेचे दार असलेली बंद पेटी टांगून तीत लॅन तारेतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा पीओई स्विच व फिरत्या डिस्कचा एनव्हीआर कोंबला, तर या दोन यंत्रांच्या उष्णतेत बिचारा राउटर शिजतो. विद्युत उपकरणांतील रासायनिक कपॅसिटर दर दहा अंश वाढीला आपले आयुष्य निम्मे करतात, असा अभियंत्यांत रूढ असलेला ठोकताळा आहे. मोकळ्या फळीवर वारा तरी लागतो, असे हा पक्ष म्हणतो.

त्याचा दुसरा आक्षेप वाय-फायचा. राउटराच्या अंगातच वाय-फाय असेल तर लोखंडी पेटी त्याच्या लहरींना कोंडते. पेटीला कुलूप लागले की गादीवरच्या मोबाइलला नेट मिळेनासे होते आणि मग कोणीतरी ते दार कायमचे उघडे टाकतो. रॅकवाल्यांचे यावरचे उत्तर असे की राउटर पेटीत ठेवून वाय-फायसाठी वेगळा अॅक्सेस पॉइंट छताला लावावा. हे उत्तर बरोबर असले तरी त्याने खर्च वाढतो, आणि तीन माणसांच्या पेढीला तो जड वाटावा हे स्वाभाविक आहे.

या दोहोंच्या मधला पक्ष जागेनुसार निर्णय करावा असे म्हणतो. वातानुकूलित सराफी दुकानात वा दवाखान्यात बंद पेटी निर्धास्त वापरावी. डाळमिलच्या भुशात, जिनिंगच्या कापसाच्या तंतूंत किंवा दोंडाईचाच्या मिरचीच्या खाटात राउटर उत्पादनाच्या शेडमध्ये न ठेवता तो कचेरीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, जाळीच्या दाराच्या पेटीत बसवावा. कारण छताजवळची हवा सर्वांत तापलेली असते. येथे पंख्याचा एक पोटवाद आहे. पेटीला पंखा लावला की तो हवेबरोबर तंतू आत ओढतो आणि त्याची गाळणी महिन्या-दोन महिन्यांनी झटकली नाही तर तीच कोंदून पंखा निरर्थक होतो. म्हणून काही कारागीर पंखा नसलेले आणि पन्नास-साठ अंश सोसणारे राउटर घ्यावे असे सुचवितात. खानदेशात घरोघर लागणारा पाण्याचा कूलर हाही उपाय सरळ नाही. त्याचा दमट झोत थेट पेटीवर येत असेल तर उष्णता घटते खरी, पण क्षाराचे पांढरे डाग व गंज यांची सोय होते.

४. फर्मवेअरचा प्रश्न : नवे करावे की चालू द्यावे

राउटर हा खरे तर एक लहानसा संगणकच आहे, आणि त्याला चालविणारी आज्ञावली त्याच्या फ्लॅश स्मृतीत कोरलेली असते. तीत चुका असतात. काही चुका केवळ गैरसोयीच्या असतात, तर काही चोराला मागचे दार उघडून देणाऱ्या. उत्पादक कंपन्या वेळोवेळी दुरुस्त आवृत्ती काढतात. ती बसविण्याच्या क्रियेस कारागीर ‘अपडेट मारणे’ म्हणतात आणि तिच्याविषयी चार मते आढळतात.

पहिले मत जुन्या यंत्रशाळांतून आलेले आहे : जे चालू आहे त्याला हात लावू नये. हे मत केवळ आळसाचे नाही. फर्मवेअर लिहिले जात असता वीज गेली तर अर्धवट लिहिलेला राउटर पुन्हा उठत नाही, तो ‘डेड’ होतो; आणि ज्या प्रदेशाने भारनियमनाची वर्षे भोगली आहेत त्याला ही भीती शिकवावी लागत नाही. शिवाय एकाच नावाच्या राउटराच्या हार्डवेअर आवृत्त्या दोन-तीन असतात आणि एकीची फाइल दुसरीत टाकली तर तोच परिणाम होतो. कधी नव्या आवृत्तीत जुनी मांडणी जशीच्या तशी चालत नाही. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरओएस या आज्ञावलीची सातवी मालिका डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर म्हणून बाहेर आली, तेव्हा सहाव्या मालिकेवर वर्षानुवर्षे घडविलेली मार्गांची रचना तपासून घ्यावी लागली. मार्चअखेर बिलांच्या गर्दीत असा प्रयोग कोणी करावा, हा या पक्षाचा प्रश्न रास्त आहे.

दुसरे मत याच्या उलट : अपडेट आपोआप व्हावे, माणसाच्या स्मरणावर सोडू नये. याच्या पुष्ट्यर्थ गेल्या दशकातील घटना पुरेशा बोलक्या आहेत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई नावाच्या दुष्ट आज्ञावलीने अंकित केलेल्या कॅमेरे, राउटर आदी लहान उपकरणांनी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. तिचे शस्त्र होते कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड. जुलै २०१७ च्या अखेरीस आपल्याकडे भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच कारणाने निकामी झाले आणि पासवर्ड बदला, असे निगमाला ग्राहकांस सांगावे लागले. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या आज्ञावलीने चोपन्न देशांतील किमान पाच लाख उपकरणे ग्रासल्याचे उघड झाले. त्यांत लिंक्सिस, नेटगिअर, मायक्रोटिक व टीपी-लिंक हे आपल्या बाजारात परिचित असलेले छाप होते. याच वर्षी मायक्रोटिकच्या विनबॉक्स या व्यवस्थापन-दारातील दोष एप्रिलमध्ये दुरुस्त झाला असूनही, दुरुस्ती न बसविलेले लाखो राउटर ऑगस्टपासून पुढे चोरून आभासी चलन खोदण्यास जुंपले गेले आणि त्यांत भारतातलेही हजारो होते. औषध चार महिने दुकानात पडून असता रोगी दगावला, असा या घटनेचा अर्थ हा पक्ष लावतो.

या पक्षापुढेही एक अडचण आहे. मे २०२३ मध्ये असूस कंपनीने नित्य देखभालीसाठी पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील तिचे कित्येक राउटर अडखळून पडले आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. ती फाइल फर्मवेअर नव्हती, तरी दुरून, मालकाच्या संमतीवाचून येणारा बदल काय करू शकतो याचा तो नमुना होता. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील एकाच इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे सहा लाखांवर राउटर तीन दिवसांत कायमचे निकामी करण्यात आले, तेव्हा घात करणाऱ्याने त्यांच्या फर्मवेअरवरच घाला घातला होता. ज्या वाटेने दुरुस्ती येते तीच वाट शत्रूच्याही उपयोगी पडू शकते, ही शंका अशा घटनांनी बळावली.

तिसरे मत मध्यममार्गी असून अनुभवी कारागिरांत तेच अधिक आढळते. ठरावीक मुदतीने, पण माणसाने समोर बसून अपडेट करावे. सुरक्षिततेचा गंभीर दोष जाहीर झाला तर मात्र मुदतीची वाट पाहू नये. त्याची वहिवाट साधारण अशी असते. प्रथम चालू मांडणीची प्रत काढून ती राउटराबाहेर ठेवणे. नव्या आवृत्तीसोबतचे टिपण वाचणे. राउटराच्या तळाशी चिकटविलेली हार्डवेअर आवृत्ती ताडून पाहणे. राउटर यूपीएसवर असल्याची खात्री करणे. कचेरी सुटल्यावर फाइल चढविणे. आणि उठलेल्या राउटरावरून बिल, कॅमेरे व छपाई ही तिन्ही तपासल्याशिवाय घरी न जाणे. मायक्रोटिकमध्ये मूळ अपडेटनंतर राउटरबूट ही यंत्र उठविणारी आज्ञावली वेगळी नवी करून यंत्र पुन्हा उठवावे लागते, हे बारीक काम येथे पुष्कळदा राहून जाते. ज्या राउटरांत फर्मवेअरच्या दोन प्रती राहतात आणि नवी बिघडल्यास जुनी आपोआप पुढे येते, ते किंचित महाग असले तरी घ्यावेत, असा या पक्षाचा आग्रह आहे. कारण पहिल्या पक्षाच्या भीतीला तेवढे एकच समाधानकारक उत्तर आहे.

चौथे मत अपडेटचा वाद बाजूला ठेवून यंत्राच्या वयाकडे बोट दाखविते. जानेवारी २०२३ मध्ये सिस्कोने लहान व्यवसायांसाठी विकलेल्या आरव्ही मालिकेतील काही जुन्या राउटरांत गंभीर दोष असल्याचे जाहीर केले, आणि त्यांची मुदत संपल्याने दुरुस्ती निघणार नाही हेही सांगितले. अशा राउटराचे फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. तो बदलणे एवढेच राहते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने मुदत संपलेल्या राउटरांबाबत दिलेला इशारा याच मताला बळ देतो. या मतावरचा आक्षेप पैशाचा आहे. लोखंडी काटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, मग जे यंत्र धडधाकट दिसते आणि पूर्वीइतकेच वेगवान आहे ते पाच-सात वर्षांत टाकून का द्यावे, हे व्यापाऱ्याला पटविणे सोपे नाही.

५. दोन प्रश्नांचा सांधा

हे दोन प्रश्न निराळे मानले जातात. तथापि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असल्याचे जवळून पाहणाऱ्यास दिसते. पोटमाळ्यावरच्या राउटराचे फर्मवेअर जुने राहते त्याचे कारण कोणाचे तत्त्व असे क्वचितच असते. शिडी लावून वर चढल्याशिवाय त्याचे नाव वाचता येत नाही, त्याची वीज इन्व्हर्टरवर आहे की नाही हे ठाऊक नसते, आणि बसवून गेलेल्या माणसाने पासवर्ड कोणाला सांगितला हे आठवत नाही. उलट, छातीच्या उंचीवरची पेटी, तीतला यूपीएस आणि दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला माहितीचा कागद एवढे असले तर अपडेट हे अर्ध्या तासाचे काम होते. म्हणून रॅकचा खरा लाभ तारांच्या शिस्तीत आहे की यंत्राला एक ठिकाण व एक जबाबदार माणूस मिळण्यात आहे, याचा विचार रॅकच्या पक्षाने अधिक स्पष्टपणे केला पाहिजे. आणि तो लाभ पेटीवाचून, नुसत्या नीट फळीने मिळतो काय, याचा विचार फळीच्या पक्षाने.

धुळ्यात एक समांतर उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर त्यांच्या नावे तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने जुन्या कागदपत्रांचे जतन केले. घराघरांत विखुरलेले कागद ठिकाणावर आणून त्यांची नोंद करणे हेच त्या कार्याचे अर्धे मर्म होते. खानदेशच्या व्यापारी वर्गालाही नोंदीचे वावडे नाही. ज्या पेढीत सुतळीच्या खर्चाचीही रक्कम कीर्दीत सापडते, तिच्यात राउटर कोणत्या दिवशी बसला, त्यात कोणती आवृत्ती आहे आणि ती शेवटची केव्हा बदलली, एवढ्या तीन गोष्टींची ओळ मात्र बहुधा नसते.

६. जबाबदारी कोणाची

हा सांभाळ कोणी करावा, याविषयी चार दावेदार पुढे येतात. पहिला मालक, परंतु त्याला राउटराच्या पडद्यावरची भाषा परकी असते. दुसरा, वर्षाच्या करारावर देखभाल करणारा कारागीर. करारात बिघाडास बोलावणे असते, फर्मवेअर बहुधा नसते. आणि अपडेट करताना यंत्र डेड झाले तर भरपाई कोणाची, याचे कलम त्याहून क्वचित असते. अशा स्थितीत जोखीम पत्करून अपडेट करणाऱ्यापेक्षा हात न लावणारा कारागीर स्वतःस सुरक्षित समजतो, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा दावेदार इंटरनेट देणारी कंपनी. तिचा ओएनटी ती दुरून अद्ययावत करू शकते व पुष्कळदा करतेही. मात्र त्याचा पासवर्ड ग्राहकास नसतो आणि ग्राहकाने त्यापुढे स्वतःचा राउटर लावला की कंपनीची जबाबदारी पहिल्या पेटीपाशी संपते. चौथा दावेदार उत्पादक, आणि त्याला बांधून घेणारे सरकार. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून ग्राहकोपयोगी जोडणीच्या वस्तूंवर सामाईक मूळ पासवर्ड ठेवण्यास मनाई झाली आणि सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतील हे जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाचा सायबर लवचिकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची असून तो साधारणतः किमान पाच वर्षे दुरुस्त्या पुरविण्याची अपेक्षा धरतो. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटनेची वर्दी सहा तासांत देणे, नोंदी १८० दिवस राखणे आणि यंत्रांची घड्याळे सरकारी कालसेवेशी जुळती ठेवणे ही बंधने घातली. लहान व मध्यम उद्योगांस त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली. हा आदेश मुख्यतः घटना घडल्यानंतरच्या कर्तव्यांचा आहे. दुकानातून घेतलेल्या राउटराला किती वर्षे दुरुस्त्या मिळतील, या खानदेशातल्या गिऱ्हाइकाच्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधता येत नाही.

७. अनिर्णित मुद्दे

वरील आढाव्यातून काही गोष्टींवर एकवाक्यता दिसते. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. दुरून व्यवस्थापन करण्याचे दार बाहेरच्या जाळ्याला बंद ठेवावे. राउटराला यूपीएस द्यावा. मुदत संपलेले यंत्र पेढीच्या दारावर पहाऱ्याला ठेवू नये. यांविरुद्ध कोणताही पक्ष बोलत नाही.

अनिर्णित राहतात ते चार मुद्दे. पहिला, खानदेशच्या उन्हाळ्यात बंद पेटी, जाळीची पेटी आणि मोकळी फळी यांतील राउटरांच्या आयुष्यात प्रत्यक्ष अंतर किती पडते, हा. कपॅसिटरचा ठोकताळा प्रयोगशाळेतला आहे. पत्र्याखालचा, धुळीतला आणि विजेच्या चढउतारातला अनुभव या तिन्ही कारणांची सरमिसळ करून बसतो, आणि मे महिन्यात बंद पडलेल्या राउटराचा दोष उन्हाला द्यावा की वळिवातल्या धक्क्याला, हे ज्याच्या-त्याच्या पक्षावर अवलंबून राहते.

दुसरा, आपोआप अपडेटचा. ज्या पेढीला देखभालीचा माणूसच नाही तिच्यापुरते तरी आपोआप अपडेट हे कमी वाईट, इथवर मध्यममार्गीयही येतात. परंतु चोवीस तास चालणाऱ्या शीतगृहात किंवा रात्रपाळीच्या गिरणीत ‘रात्री तीन वाजता’ ही राउटर उठविण्याची वेळ निर्धोक कशी मानावी, याचे उत्तर उत्पादकांच्या ठरीव वेळापत्रकात नाही.

तिसरा, नोंदींचा. १८० दिवसांच्या नोंदी साठविण्याइतकी स्मृती लहान राउटरात नसते. त्यासाठी वेगळे यंत्र वा भाड्याची सेवा लागते. शिवाय अनेक स्वस्त राउटरांतील घड्याळाला स्वतःची बॅटरी नसल्याने वीज जाऊन आल्यावर, नेट जुळेपर्यंत ते भलतीच तारीख सांगते, आणि त्या वेळच्या नोंदी पुराव्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात. आदेशाचा हेतू आणि चार यूची पेटी यांचा मेळ कसा घालावा, हे लहान पेढीपुरते अजून ठरलेले नाही.

चौथा मुद्दा कराराचा. फर्मवेअर देखभालीच्या करारात घ्यावे, तर त्याची जोखीम व मोबदला कसा वाटावा, याचा सर्वमान्य शिरस्ता कारागीर आणि व्यापारी यांच्यात पडलेला नाही. तो पडला तर पहिल्या मताचा जोर आपोआप ओसरेल, असे मध्यममार्गी समजतात. पहिल्या मताचे लोक म्हणतात की दोन प्रतींचे राउटर सार्वत्रिक झाल्याशिवाय असा शिरस्ता पडणारच नाही.

८. समारोप

एकंदरीत, रॅकचा वाद हा बव्हंशी हवामानाचा व जागेचा असून तो ठिकाण पाहून सुटण्याजोगा आहे. फर्मवेअरचा वाद जोखमीच्या वाटणीचा असून तो ठिकाण पाहून सुटत नाही, त्याला करार व कायदा यांची जोड लागते. दोहोंतही पक्ष-प्रतिपक्ष आपापल्या आठवणींवर बोलतात. जळगाव-धुळ्याच्या काही पेढ्यांनी दोन उन्हाळे एवढे पथ्य पाळले, की पेटीत एक साधा तापमापक टांगावा, एप्रिल-मेच्या दुपारी त्याचा आकडा लिहावा, आणि अपडेटची तारीख व राउटर बंद पडल्याची वेळ त्याखाली नोंदवावी, तर पहिल्या मुद्द्याचे आणि बऱ्याच अंशी दुसऱ्याचेही उत्तर या भूमीतूनच मिळू शकेल. त्यासाठी नवे शास्त्र नको आहे. लक्ष्मीपूजनाला जी वही पुजली जाते तिच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले तरी पुरे.